समुद्रकाठचा सातबारा

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ज्या राज्याची राजधानी होते, त्या राज्याला समुद्र नव्हता. १८६१ साली स्थापन झालेला मध्य प्रांत, वऱ्हाड जोडला गेल्यावर झालेला मध्य प्रांत व वऱ्हाड आणि स्वातंत्र्यानंतरचा मध्य प्रदेश, या तिन्ही रूपांत हा मुलूख चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला राहिला. उन्हाळ्यात सरकारी दप्तर हलत असे ते सातपुड्यातील पचमढीला, आणि वऱ्हाडातील सुखवस्तू कुटुंबांची हवापालटासाठीची धाव मेळघाटातील चिखलदऱ्यापर्यंत असे. द्विभाषिक मुंबई राज्यात विदर्भ सामील झाला तेव्हा नागपूरचे राजधानीपण गेले आणि पचमढी परराज्यात राहिली, हे दुःख वारंवार बोलले गेले. परंतु त्याच घडामोडीत या शहराच्या वाट्याला प्रथमच एक किनारा आला, आणि १ मे १९६० नंतर तो ७२० किलोमीटरचा किनारा आपल्याच राज्याचा व आपल्याच भाषेचा झाला, ही गोष्ट क्वचितच कोणाच्या ध्यानी आली. पुढची कित्येक दशके नागपूरकराच्या लेखी समुद्र म्हणजे कामानिमित्त मुंबईस गेले असता चौपाटीवर घालवलेली संध्याकाळ, किंवा ज्यांचे मूळ कोकणात आहे अशा घरांनी गुहागरच्या व्याडेश्वराला नाहीतर हरिहरेश्वराला कुलाचारासाठी केलेली फेरी, एवढाच होता. तिथे आपले घर असावे, ही कल्पना त्या पिढ्यांच्या मनात रुजली नव्हती.

आता ती रुजली आहे, आणि तिला रस्त्यांनी बळ दिले आहे. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी पंतप्रधानांनी नागपुरात समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा खुला केला आणि पुढे गोव्यात जाऊन मोपा येथील नव्या विमानतळाचे उद्घाटन केले. ५ जून २०२५ रोजी समृद्धीचा शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरचा नागपूर–मुंबई मार्ग पूर्ण झाला. नागपूरहून मडगावला कोकण रेल्वेमार्गे विशेष गाडी धावू लागली. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंतचा सुमारे ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग शासनाने प्रस्तावित केला आहे, आणि त्याला कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी कडवा विरोध केला आहे. निवृत्तीचा पैसा हाती आलेले, शहरालगतची वडिलोपार्जित शेती विकलेले, किंवा मुले परदेशी स्थिरावल्यामुळे मोकळे झालेले नागपूरकर दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ला अशी नावे ज्या सहजतेने घेऊ लागले आहेत, तिच्यामागे हे सगळे रस्ते आहेत. मात्र रस्त्याने गावाचे अंतर कमी होते, जमिनीचे होत नाही. कोकणातील जमीन ही नागपूरच्या जमिनीहून वेगळ्या इतिहासातून आलेली आहे आणि ती घेताना नेमके काय घेतले जाते याचा विचार सहसा खरेदीखतानंतर सुरू होतो. तो आधी व्हावा, इतके हे प्रकरण गंभीर आहे.

समुद्राकडे तोंड करून राहण्याची ओढ मुळात नैसर्गिक नाही, ती इतिहासात घडलेली आहे. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील नीस या फ्रेंच शहरात धनिक इंग्रज एकोणिसाव्या शतकात जात ते थंडी टाळण्यासाठी, हिवाळ्यात. उन्हाळ्यात उघड्या वाळूवर पडून राहण्याची रीत तिथे १९२० नंतर आली. स्पेनच्या मायोर्का, इबिझा या बेटांवर तर असे सांगितले जाते की वाटणीत सुपीक अशी आतली जमीन थोरल्याला मिळे आणि समुद्रकाठची खडकाळ, निरुपयोगी जमीन धाकट्यांच्या माथी मारली जाई. पर्यटन वाढले आणि धाकट्यांची घरे श्रीमंत झाली. त्याच स्पेनमधील बेनिदोर्म या मासेमारीच्या गावाने १९५६ मध्ये, म्हणजे नागपूरला किनारा लाभला त्याच वर्षी, आपला नगरविकास आराखडा केला आणि पुढे तिथे उंच इमारतींची रांगच उभी राहिली. या उभारणीची किंमत कळल्यावर स्पेनने १९८८ साली किनारा कायदा करून भरतीच्या कक्षेतील पट्टा सार्वजनिक मालकीचा ठरवला. ज्यांची घरे त्या पट्ट्यात होती ते मालक राहिले नाहीत, ठरावीक वर्षांचे परवानाधारक झाले, आणि त्यांत वृद्धापकाळासाठी तिथे घर घेतलेले कितीतरी परदेशी होते. घरखरेदीच्या बदल्यात वास्तव्याचा परवाना देण्याची स्पेनची योजना एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. ग्रीसने अशाच योजनेतील, अडीच लाख युरोंपासून सुरू केलेली आपली मर्यादा मागणी अधिक असलेल्या भागांत आठ लाखांवर नेली. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात, त्यामुळे एखाददुसरे नागपुरी कुटुंब तिथवरही पोहोचू शकते. तरी ज्या किनाऱ्याशी या शहराचा खरा संबंध आहे, तो सावित्री नदीच्या मुखापासून तेरेखोलच्या खाडीपर्यंतचा.

या किनाऱ्यावरील जुनी घरे पाहिली की एक गोष्ट लगेच लक्षात येते: त्यांतली बहुतेक घरे समुद्राकडे पाहत नाहीत. किनाऱ्याला पुळण, म्हणजे वाळूचा मोकळा पट्टा. तिच्यामागे वारा अडवणारी सुरूची वा केवड्याची रांग. मग माड-पोफळीची वाडी. वाडीच्या पोटात, झाडांच्या आडोशाला घर. घरामागून जाणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची गावातली वाट. त्यापलीकडे भातशेती आणि मग वरकस, म्हणजे नाचणी-वरी पिकेल किंवा गवत येईल अशी डोंगर-उताराची जमीन. कुटुंबाचे जगणे या आडव्या पट्ट्यांतून चालत असे आणि प्रत्येक पट्ट्याचे मोल वेगळे असे. पुळणीलगतची जागा सर्वांत हलकी मानली जाई, कारण तिथे खारा वारा काही पिकू देत नाही आणि उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची, धास्ती असते. तिथे वस्ती असे ती मासेमारांची, आणि पुळण असे रापणीची. रापण म्हणजे होडीने अर्धवर्तुळात टाकलेले लांबलचक जाळे दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगांनी किनाऱ्यावर ओढून घेण्याची पद्धत. तिच्यात मासळीचे वाटे ओढणाऱ्यांत पडतात आणि तिला किनारा मोकळा लागतो. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यानंतरच्या वर्षी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि शतकानुशतके ज्या पट्ट्याला सर्वांत कमी भाव होता त्याला सर्वांत जास्त भाव आला. नागपूरकर जेव्हा समुद्र दिसेल अशी जागा मागतो, तेव्हा तो नकळत त्या गावाचा मोलाचा क्रम उलटा करून मागत असतो. यात त्याचा दोष नाही. परंतु हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

जमिनीविषयीची नागपूरची समज कशी घडली, हेही येथे पाहावे लागते. या शहरात जमीन म्हणजे प्लॉट. १९३६ च्या कायद्याने आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने, ज्याला सगळे शहर नासुप्र म्हणते, अभिन्यास म्हणजे लेआउट पाडले; बेसा, बेलतरोडी, हिंगणा, वर्धा रोड असे शहर पसरत गेले ते शेताचे काटकोनी तुकडे पडत. त्यांतले कितीतरी तुकडे मंजुरीविना पडले आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ते नियमित करण्याची सोय झाली. म्हणून इथल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘आरएल आहे का?’, म्हणजे नासुप्रचे नियमितीकरणाचे पत्र आहे का. दुसरा असतो, ‘किती चौरस फूट?’. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की प्लॉटविषयी जाणून घेण्यासारखे बरेचसे कळलेले असते, कारण तो तुकडा रिकामा असतो आणि त्याच्या चारही बाजू आखलेल्या असतात. कोकणात बोलणे गुंठ्यांत चालते. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. पण फरक मोजमापाचा नाही. तिथली जमीन रिकामी नसते आणि तिच्या बाजूही सरळ नसतात. हद्द गडग्याची, म्हणजे एकावर एक रचलेल्या दगडांच्या बांधाची असते. कुठे ती फणसापाशी वळते, कुठे विहिरीच्या काठावर संपते, आणि जमीन एकाची असताना तीवरील आंब्याच्या उत्पन्नात दुसऱ्याचा हक्क असू शकतो.

किनाऱ्यालगतच्या जुन्या गावातील एखादा सातबारा समोर ठेवून सावकाश वाचला तर हे सर्व त्याच्यात दिसते. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कोणाची आणि तीवर कोणाचे कोणते हक्क, हे असते, तर बारामध्ये पीक काय घेतले जाते, हे. वरच्या कोपऱ्यात सर्व्हे नंबर आणि त्याखाली हिस्सा नंबर. मग क्षेत्र, आणि त्यातून वजा होणारा पोटखराबा, म्हणजे लागवडीस न येणारा भाग. त्यानंतर भोगवटादारांची नावे सुरू होतात आणि ती संपता संपत नाहीत. एका नावापुढे एकुमॅ, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. एकापुढे अज्ञान पालनकर्ता आई, आणि तो अज्ञान मुलगा आता आजोबा झालेला असतो. काही नावे कंसात, म्हणजे कमी झालेली, त्यांच्याखाली वारसांची नवी नावे, त्यांत सासरच्या आडनावाने आलेल्या लेकी. हिस्से कुठे आण्या-पैंत मांडलेले: चार आणे, दोन आणे आठ पै, सोळा आण्यांची एक जमीन. प्रत्येक नावाशेजारी फेरफार क्रमांक, म्हणजे कोणत्या नोंदीने ते नाव इथे आले त्याचा आकडा, आणि तो धरून जुना फेरफार काढला की एक मृत्यू, एक वाटणी किंवा एक भांडण हाती लागते. उजवीकडे इतर अधिकारांचा रकाना, जिथे कुळाचे नाव, बोजा, विहिरीतील पाण्याची पाळी, वाटेचा हक्क अशा नोंदी असतात. नागपूरहून गेलेल्या ग्राहकाला दलाल सर्वप्रथम क्षेत्र दाखवतो. खरी जमीन मात्र उजवीकडच्या रकान्यात असते, आणि तो रकाना वाचता येईपर्यंत बयाणा देऊ नये.

हा रकाना इतका भरलेला का, याचे कारण खोतीत आहे. खोत हा शासन आणि कसणारा यांच्यामधला वंशपरंपरागत वसूलदार. तो कुळांकडून धान्यरूपाने खंड घेई आणि सरकारात सारा भरी, आणि कालांतराने गावाचा धनीच होऊन बसे. पूर्व विदर्भात मालगुजाराचे स्थान काहीसे असेच होते, त्यामुळे नागपूरच्या वाचकाला ही रचना परकी वाटू नये. अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी कसण्याचे नाकारले. देशाच्या इतिहासातला हा सर्वांत प्रदीर्घ शेतकरी संप मानला जातो. १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा त्यासाठी मुंबईत आला. नागपूरला बाबासाहेब दीक्षाभूमीमुळे आपले वाटतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, बालपणीची काही वर्षे दापोलीची, आणि ज्या किनारपट्टीवर आज दुसरे घर शोधले जाते तिथल्या जमिनीच्या न्यायासाठी ते विधिमंडळात लढले होते, हे त्या किनाऱ्यावर जागा पाहायला जाणाऱ्या नागपूरकराने विसरू नये. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. १९४८ च्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी प्रत्यक्ष कसणारे कूळ मालक मानले गेले. अशा जमिनी विकण्यावर त्या कायद्याच्या कलम ४३ ने निर्बंध घातला, जो २०१४ मधील दुरुस्तीने, खरेदी प्रमाणपत्रास दहा वर्षे झाली असल्यास आणि आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरल्यास, सैल झाला. तेव्हा सातबाऱ्यावर कुळाचे नाव दिसणे ही ग्राहकाला अडचण वाटते खरी. प्रत्यक्षात ती एका मोठ्या लढ्याची उरलेली खूण आहे आणि तिचा निकाल लावण्याची घाई ज्या व्यवहारात केली जाते, त्यात कोणाचे तरी हक्क स्वस्तात सोडवून घेतले जात असतात.

कायद्याच्या बाकीच्या बाजू थोडक्यात सांगता येतील. कूळकायद्याच्या कलम ६३ अन्वये शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीखेरीज शेतजमीन घेता येत नाही. विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यातही अशीच तरतूद आहे. म्हणून काटोल, नरखेड किंवा सावनेरकडे वडिलांच्या नावे राहिलेला संत्र्याच्या बागेचा एखादा एकर, जो एरवी डोईजड वाटत होता, कोकणात जागा घेताना अचानक मोलाचा ठरतो, कारण त्याच्या उताऱ्यावर नाव असणारा शेतकरी ठरतो. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ मध्ये बागायतीसाठी दहा गुंठे आणि जिरायतीसाठी वीस गुंठे असे किमान क्षेत्र जाहीर झाले. सामाईक घरातील एका भावाचा हिस्सा त्रयस्थाने विकत घेतला तरी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार त्याला त्या राहत्या घराचा संयुक्त ताबा मिळत नाही, त्याला वाटपाचा दावाच लावावा लागतो. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. गोव्यात तर वेगळेच: तिथे सातबाऱ्याऐवजी नमुना एक व चौदा असतो, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे विवाहानंतर पती-पत्नींची मालमत्ता सामान्यतः निम्मी-निम्मी समजली जाते, दोघांच्या सह्यांवाचून विक्री होत नाही, आणि जुन्या घराच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे.

समुद्र दिसावा म्हणून जागा घेणाऱ्याचा खरा सामना मात्र सागरी नियमन क्षेत्राशी होतो. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पहिली अधिसूचना निघाली आणि उच्चतम भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यात काय बांधता येईल यावर बंधने आली. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने लिहिली गेली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटर हा बांधकामास मनाई असलेला पट्टा राहिला. २०१९ च्या अधिसूचनेने, २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक दाट वस्ती असलेल्या ग्रामीण भागांत तो पन्नास मीटरवर आणला. या पट्ट्यातील जुने घर दुरुस्त करता येते, वाढवता येत नाही. ज्या जागेतून समुद्र सर्वांत जवळून दिसतो, तिथे नवे घर बांधता येण्याची शक्यता सर्वांत कमी, अशी ही स्थिती आहे आणि ती अशीच असली पाहिजे. कारण वाळूची टेकडी आणि सुरूची रांग ही किनाऱ्याची भिंत आहे आणि ती पाडून बांधलेल्या भिंतीला समुद्र जुमानत नाही. याशिवाय पुळणीकडे जाणारी वाट असते. गावकरी, रापणकर, गुरे यांची ती वहिवाट असते, आणि वीस वर्षे अखंड वापरलेल्या वाटेला १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने हक्काचे रूप मिळते. नव्या मालकाने आल्याआल्या कुंपण घालावे आणि नेमकी ती वाट बंद व्हावी, यातून किनाऱ्यावरच्या गावांत कटुता उपजते. शहरात ज्याला सुरक्षितता म्हणतात ते तिथे अडवणूक ठरते.

नागपूरकर जे घर विकत घेतो ते बहुधा आधीच बंद पडलेले असते. त्याचे मालक मुंबईत चाकरमानी झाले, त्यांची मुले डोंबिवली-विरारला गेली, आणि घराला कुलूप लागले. पण हे बंद घरसुद्धा वर्षातून एकदा उघडत असे, गौरी-गणपतीला, पावसाळ्याच्या शेवटी. त्या आठ-दहा दिवसांत छप्पर गळते कुठे, वाळवी लागली कुठे, विहिरीचे पाणी कसे आहे, सगळे कळत असे. नवा मालक येतो तो दिवाळीनंतर, नाताळात किंवा उन्हाळी सुट्टीत, पाऊस नसताना. त्यामुळे त्याला आपले घर त्याच्या खऱ्या ऋतूत कधी भेटतच नाही. नागपुरात वर्षाकाठी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, कोकण किनाऱ्यावर तो तीन हजारांच्या घरात जातो. तिथे मे महिन्यात आगोट येते, म्हणजे पावसाआधीच्या तयारीचे दिवस: लाकूडफाटा आत घ्यायचा, कडधान्ये-मसाले भरून ठेवायचे, कौले उतरवून फुटकी बदलून पुन्हा बसवायची, ज्याला शाकारणी म्हणतात, आणि वाऱ्याच्या अंगाला पडवीला माडाच्या विणलेल्या पात्यांची झापे बांधायची, नाहीतर झड थेट ओटीपर्यंत येते. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा केला की ओल आतच कोंडते. खाऱ्या हवेने बिजागऱ्या, नळ, सळया गंजतात. काळ्या मातीत पाया फुगतो आणि तडकतो हे नागपूरच्या गवंड्याला जसे पिढीजात ठाऊक असते, तसेच हे ज्ञान तिथल्या गवंड्याला, सुताराला आणि शेजारच्या काकूंना असते, आणि ते त्या गावात राहिल्यावाचून मिळत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या वाड्यांतील नारळी-पोफळी मुळांसकट आडव्या झाल्या. माड नव्याने लावला तर फळाला यायला कित्येक वर्षे लागतात. त्या वर्षी सुट्टीचे आरक्षण रद्द होण्यापलीकडे काही न गमावलेला मालक आणि वाडी गमावलेला शेजारी यांच्यात जी दरी असते, ती कुंपण नसतानाही दिसते.

आणखी एक अडचण पाण्याची. इतका पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि उतारावरून ते समुद्राला मिळते. त्याच महिन्यांत पर्यटकांची गर्दी आणि दुसऱ्या घरांतील वास्तव्य वाढते. ज्या विहिरीत इतर अधिकारांच्या रकान्यानुसार तीन घरांची पाळी आहे, तिला विद्युतपंप लावून बागेला पाणी सोडणे कायद्याने शक्य असेलही. शेजारधर्मात ते बसत नाही. नागपूरला हे समजायला हवे, कारण या शहराने दुसरी बाजूही पाहिली आहे: मिहान प्रकल्पासाठी शिवणगाव, खापरी या गावांच्या जमिनी गेल्या तेव्हा मोबदल्याच्या आकड्यापलीकडे काय गेले, ते त्या गावांतील माणसे आजही सांगू शकतात. कोकणातला विक्रेता कोणी सक्तीने उठवलेला नसतो, तो राजीखुशीने सही करतो; पण विकणारा मुंबईत आणि घेणारा नागपुरात, मधल्या काळात गाव मात्र तिथेच, आणि त्याला या व्यवहारात कोणी काही विचारलेले नसते.

यावर कायद्याने करण्यासारखे थोडेच आहे. घेणाऱ्याने करण्यासारखे पुष्कळ आहे. साठेखतापूर्वी, म्हणजे विक्रीच्या कराराआधी, जुलै महिन्यात त्या गावी आठवडाभर राहून पाहणे. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घेताना लगतच्या सर्व धारकांना नोटीस तर जातेच, तरी घरोघरी जाऊन बोलावणे. सातबाऱ्यावरील बहिणींची हक्कसोडपत्रे भावाच्या शब्दावर न घेता त्यांना भेटून घेणे. वाट आणि पाण्याची पाळी खरेदीखतातच लिहून मान्य करणे. आणि समुद्राच्या अगदी काठची जागा परवानगी मिळत असली तरी सोडून देऊन वाडीतली, पाखाडीवरची जागा घेणे. याने जागा महाग पडत नाही, वेळ जास्त लागतो. ज्यांनी असा वेळ दिला अशी कुटुंबे आहेत. त्यांच्या घरी शाकारणीला गावातलाच माणूस येतो, आणि गणपतीत त्यांच्याही ओटीवर भजन होते.

राहता राहिला पुढच्या पिढीचा प्रश्न. साठीत घेतलेले हे घर पुढे पंधरा-वीस वर्षे वापरले जाते, आणि मग नागपूरच्या त्या घरमालकाचे नावही कंसात जाते. खाली वारसांची नावे चढतात: एक मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला, दुसरी न्यू जर्सीत, आणि तिघांचे हिस्से समान. मृत्युपत्र केलेले नसेल तर वारस नोंदीसाठी तिघांची कागदपत्रे लागतात, विक्रीसाठी तिघांच्या सह्या, आणि त्यांतील एक सही मुखत्यारपत्राने वकिलातीतून यावी लागते. तोवर शाकारणी कोणी करायची हे ठरत नाही. ज्या गावात या कुटुंबाने जागा घेतली, तिथल्या मूळ घराची वीस-पंचवीस नावे अशीच एकेक करून चढली होती. म्हणून खरेदीखताच्या दिवशीच मृत्युपत्राचा मसुदा करावा, आणि घर कोणा एकाच्या नावे ठेवायचे, सामाईक ठेवायचे की नंतर गावातल्याच कोणास रास्त भावात द्यायचे, हे मुलांना समोर बसवून ठरवावे, असे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर बसणारे जुने दस्तलेखकही सांगतात.